ग्रुमार पडला तर

सोलापूर,
८ मार्च २०२६, रविवार

प्रिय दादास,
सप्रेम जय भीम.

पाकिटावरचं अक्षर बघून दचकलास ना? दचक की. तू नंबर बदललास, पण राहती खोली काही खिशात घालून फिरता येत नाही. तुझ्या त्या दोस्ताकडून, गुंडाकडून, तुझा नाशिकचा पत्ता काढला. शुक्रवार पेठेतल्या त्याच्या मोबाईलच्या दुकानात जाऊन बसले आणि म्हटलं, पत्ता दिल्याशिवाय उठणार नाही, वर येईल त्या गिऱ्हाइकाला सांगणार की ह्यानं माझा चांगला मोबाईल बिघडवला. दोन गिऱ्हाइकं परत गेल्यावर बिचाऱ्यानं पत्ता लिहून दिला. त्याला रागावू नको. त्याची एकच अट आहे, पप्पांना कळता कामा नये. मी हो म्हटलं.

इकडं सगळे ठीक. ऊन आत्तापासूनच चटके देतंय, आईचे गुडघे आहेत तसेच आहेत, आणि माझं डी. फार्मचं शेवटचं वर्ष चालू आहे. पप्पा ड्यूटीला जातात आणि येतात. पप्पांविषयी एवढंच.

आणि हो, घरी ये म्हणायला हे पत्र नाही. निवांत वाच.

बातमी अशी, की मी तुझा झूमोरा चालू केला! तुझं ते गेमचं यंत्र आईनं जुन्या साडीत गुंडाळून कपाटात ठेवलं होतं. आवराआवर करताना हाताला लागलं, चार्जरला लावलं, तर टुणकन चालू! तुझी फाइल जशीच्या तशी. आठव्या किल्ल्याच्या दारात तू उभा आणि मागं तुझी सगळी फौज. कडक भाकरीसारखी पाठ असलेला कडक, ती उडणारी चादर, पिंपळपानासारखे कान असलेला पिंपळ्या, शेंगेएवढी शेंगी. मला रडू आलं. पण ते जाऊ दे.

तुझ्या फाइलला बोटसुद्धा लावलेलं नाही, शपथ. खाली एक जागा रिकामी होती तिथं नवा डाव मांडला. आई विचारत होती काय असतं ह्यात. मी सांगितलं, रानातले विचित्र प्राणी पकडायचे, कंदिलात ठेवायचे, खाऊपिऊ घालून मोठे करायचे आणि आठ किल्ल्यांवरच्या आठ बॉसना हरवायचं. आई म्हणाली, "खाऊपिऊ घालून मोटं केलं तर मग मारामारीला कशाला धाडायचं?" आता हिला काय सांगणार!

मी एकटी खेळत नाही हं. माझी एक मैत्रीण आहे, अंकिता. तू ओळखत नाहीस, नवीन आहे. दादा, तिच्याबरोबर खेळणं म्हणजे डोक्याला ताप आहे. हात असा जड, की बटण दाबते की दार ठोकते कळत नाही. चष्मा कपाळावर चढवते आणि मग म्हणते स्क्रीन पुसट दिसतोय. मध्येच चहा लागतो, तोही बशीत ओतून. आणि गेममध्ये रस्त्यात जो माणूस भेटेल त्याचं सगळं इंग्रजी बोलणं शब्दाखाली बोट धरून वाचते. मी ओरडते, अगं पुढं दाब की! तर म्हणते, "कुणाच्या दारात गेल्यावर त्याचं ऐकून घ्यावं लागतं." अशानं पहिल्या किल्ल्यावर पोचायलाच आमचा आठवडा गेला.

पण चौथ्या किल्ल्याचं ऐक. ती विजेची पाल आठवते का तुला? आम्ही तिला पालबाई म्हणतो. आपण काही करायच्या आतच तिचा सपकन फटका. आमचे सगळे गडी एका रांगेत आडवे. पुन्हा गेलो, पुन्हा आडवे. अंकिताचा पारा असा चढला, की यंत्र फेकायला वर उचललं. मी डोळे मिटले. मग काय झालं कुणास ठाऊक, तिनं ते सावकाश खाली ठेवलं, उठून पाणी पिऊन आली आणि म्हणाली, "हिला अर्थिंग द्यायला पाहिजे." आमच्याकडं चिखल्या म्हणून एक मठ्ठ गोळा आहे, जागचा हलत नाही म्हणून मी त्याला कधी बाहेरच काढत नव्हते. त्याला पुढं केला. पालबाईनं वीज टाकली, चिखल्यानं नुसत्या डोळ्याच्या पापण्या हलवल्या. पुन्हा टाकली. पुन्हा पापण्या. मी पलंगावर उभी राहून नाचले रे! पालबाई दमून गेली आणि चिखल्यानं तिच्यावर नुसतं अंग टाकलं. खल्लास!

आता निम्मे झाले, निम्मे राहिले. शेवटी आठव्या किल्ल्यावरचा तुझा ग्रुमार. तू कितीदा हरलास त्याच्याकडून, मला आठवतं. आणि तू जाताना जिन्यात काय म्हणालास तेही आठवतं. गेल्या वैशाख पौर्णिमेला. पप्पा म्हणाले होते, "पोरखेळ हाय त्यो, त्यात काय अवघड हाय?" आणि तू, गाल लाल झालेला, एक चप्पल पायात आणि एक हातात, म्हणालास, "मग त्या ग्रुमारला पाडून दाखवा. त्या दिवशी मी आपणहून घरी येतो. तोवर माझं नाव काढू नका." गल्लीतल्या सगळ्यांनी ऐकलं.

मी काही ते धरून बसलेली नाही. आठवलं म्हणून लिहिलं.

सोबत आईनं केलेली शेंगाचटणी पाठवतेय. आईला वाटतंय मी ती हॉस्टेलवरच्या मैत्रिणीला देतेय. एकटा खाऊ नको, खोलीतल्यांना दे.

तुझी,
चार बॉस लोळवून बसलेली,
कीर्ती


सोलापूर,
२२ मार्च २०२६

प्रिय दादास,
सप्रेम जय भीम.

उत्तर आलं नाही. नाही तर नाही. चटणी परत आली नाही, म्हणजे पोचली. मी लिहिणारच, कारण हे सगळं तुला नाही सांगायचं तर कुणाला? कॉलेजात सांगितलं तर पोरी म्हणतात, कीर्ती, वय काय तुझं.

सहा झाले दादा, सहा! पाचवा तर चहा निवायच्या आत गेला, त्याचं नावही लिहीत नाही. पण सहावी! आरशाची राणी! तू तिच्याकडून हरून दोन दिवस जेवला नव्हतास, आणि आई समजत होती तुझं कुठंतरी प्रेमप्रकरण बिनसलंय.

तुला माहीत आहेच, ती बया आपली फौज बघते आणि हुबेहूब तशीच स्वतःची उभी करते. आपला चिखल्या तर तिचाही चिखल्या. आणि तिचे वर थोडे जास्तच ताकदीचे. आम्ही आठवडाभर प्राण्यांना चारून चारून पैलवान केलं, तर तिचेही पैलवान. मी रडकुंडीला आले. अंकिता तर स्क्रीनकडं बघून चक्क म्हणाली, "बाई, तुझं स्वतःचं असं काहीच न्हाय काय गं?"

तेवढ्यात आई लसूण सोलत बसली होती, ती म्हणाली, "ती तुमचं बघून करती न्हवं? मग तुमी मरतुकडी घेऊन जावा की."

आम्ही दोघं एकमेकांकडं बघतच राहिलो. सगळे पैलवान कंदिलात बंद केले आणि अंड्यातनं नुकती निघालेली पिल्लं घेऊन गेलो. डोळे नीट न उघडलेली! राणीनं आरसा फिरवला, तिच्याकडंही तसलीच. दादा, ती लढाई नव्हतीच, अंगणवाडी सुटल्यावरची पळापळ होती. एक पिल्लू शिंकायचं, समोरचं पडायचं. एक मारायला धावलं आणि वाटेतच झोपलं. पप्पा तर पोट धरून हसत होते.

(वरचं ते "पप्पा" चुकून पडलं. अंकिता म्हणायचं होतं. अंकिता पोट धरून हसत होती.)

जिंकलो कसे सांगू? पिल्लं सारखीच, पण आमच्या पिशवीत औषधं होती आणि राणीला वाटलेलं, तिला कधी औषध लागणारच नाही. शेवटी तुझी बहीण फार्मसीला आहे, काय समजलास!

बाकी घरात शांत आहे. पूर्वीसारखी आदळआपट नाही. मला वाटतं पप्पांचा आवाजच कमी झालाय. परवा आईनं मला हाक मारताना सवयीनं "रत्न्या" म्हटलं, आणि कुणीच हसलं नाही. आई उगाच भांडी लावत बसली. पप्पांनी पेपर उलटा धरलाय हे मला दिसत होतं.

हं, तर काम असं आहे. सातवा ह्या आठवड्यात पडेल, दोघं जुळे भाऊ आहेत आणि दोघंही मूर्ख आहेत. मग ग्रुमार. अंकिताचं म्हणणं, ग्रुमारशी लढायचं तर ह्या नव्या फाइलवरून नाही, रत्नदीपच्या फाइलवरून. त्याचा डाव होता, त्याच्याच फौजेनं पुरा व्हायला पाहिजे. पण तुला विचारल्याशिवाय ती फाइल उघडायलाही तयार नाही. म्हणते, "न इचारता एकदा हात लावला, तेवढं बास झालं." कशाबद्दल म्हणते काय माहीत. असलं काहीतरी बोलत असते.

तेव्हा एवढं तरी कळव. हो किंवा नाही. एका शब्दाला शाई किती लागते?

तुझी,
कीर्ती


सोलापूर,
१६ एप्रिल २०२६

दादा!
जय भीम, जय भीम, जय भीम!

तुझं पत्र आलं! गेल्या आठवड्यात पोस्टमन गल्लीत शिरला तेव्हा मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. त्यानं "कीर्ती कोण?" म्हणून विचारलं आणि मी तीन जिने कशी उतरले मला माहीत नाही. पापड कावळ्यांनी नेले. आईनं बोलून घेतलं. बोलू दे!

पाचच ओळींचं पत्र, तरी तोंडपाठ झालंय. "माझी फाइल वापरा. कडकला पुढे ठेवा. ग्रुमारला हळूहळू मारून उपयोग नाही, सगळा जोर एकदम लावा. दुसरा मार्ग नाही. आणि अंकिताला सांग, चष्मा कपाळावर ठेवला तर स्क्रीन पुसटच दिसणार." घरच्यांची ना चौकशी, ना काही. पण मला चालतंय. लई चालतंय.

त्या शेवटच्या ओळीवरनं तुला काही शंका आली असेल तर तसलं काही नाही. अंकिता अंकिताच आहे.

मी तिला तुझं पत्र दाखवलं. तिनं ते हातात धरलं, बराच वेळ धरलं. मग कपाळावरचा चष्मा खाली ओढून डोळ्यावर लावला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पत्र परत दिलंच नाही. मग म्हणाली, "चल, लाव यंत्र."

तुझी फाइल उघडली. तुझी फौज बाहेर आली. अंकितानं एकेकाला नीट बघितलं. कडकला, चादरीला, पिंपळ्याला. शेंगीपाशी थांबली. विचारलं, हिचं नाव असं का? मी सांगितलं, आमच्या दादाला शेंगाचटणी लई आवडते. ती म्हणाली, "व्हय, ते ठावं हाय." आता हिला कसं ठाऊक, मला विचारू नको.

आणि मग ग्रुमार. काय ते धूड रे! मी तुझ्या मागं उभी राहून कितीदा बघितलंय, पण स्वतः समोर गेल्यावर मी आधी दोन पावलं मागंच घेतली. काळा दगडी डोंगर, छातीत निखारा. दाराशी एक म्हातारी बसलेली असते, तू आणि मी नेहमी तिला ओलांडून धावत जातो. अंकिता अर्थातच थांबली आणि तिचं सगळं ऐकून घेतलं. म्हातारी म्हणते, तो दमला की बसतो. मी म्हटलं, बाई गं, तो दमेपर्यंत आपण राहायला पाहिजे ना!

तू सांगितलंस तसा सगळा जोर एकदम लावला. ग्रुमारच्या छातीतला निखारा भडकला आणि त्यानं एका तडाख्यात चौघांना झोपवलं. जास्त जोर लावला. जास्त भडकला. दादा, त्याला मारावं तेवढा तो फुगतो! आपण मारलेलं सगळं तो साठवून ठेवतो आणि दुप्पट करून परत देतो. रोज ड्यूटीवरून... रोज कॉलेजवरून आल्यावर आमचं हेच. रोज हरतो. जयंतीच्या दिवशी तेवढी सुट्टी घेतली. मिरवणुकीत गुंडा भेटला, म्हणाला तुझ्या भावाला सांग तो बॉस कुणाच्यानं पडत नसतो.

काल अंकितानं यंत्र मिटून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "आपल्याच्यानं व्हायचं न्हाय." तिचा चेहरा बघवेना मला. मी म्हटलं, अगं खेळ आहे. तर म्हणाली, "खेळ न्हाय त्यो. शब्द दिलेला हाय त्यानं."

दादा, एक विचारू का? ग्रुमार पडलाच, तर तो कुणी पाडला ह्यानं तुला फरक पडेल का? म्हणजे मी पाडला तर तो शब्द लागू होत नाही, हे मला कळतं. तू मला म्हणाला नव्हतास. पण समजा... जाऊ दे. आधी पडू तर दे.

पण हे खरं सांगते, मला तू घरी यायला हवा आहेस. पहिल्या पत्रात लिहिलेलं ते खोटं होतं.

तुझी,
कीर्ती


सोलापूर,
२ मे २०२६

दादा, दादा, दादा!

पडला! ग्रुमार पडला! घाईत लिहितेय, अक्षर समजून घे. जय भीम राहिला बघ लिहायचा. जय भीम!

आता सगळं सरळ सांगते. अंकिता नावाची कुणीही माझी मैत्रीण नाही. ते पप्पा आहेत. तुला आधीच कळलं होतं, मला माहीत आहे. जड हात, बशीतला चहा, कपाळावरचा चष्मा, आणखी कोण असणार? कपाटातनं यंत्रही मी काढलं नव्हतं. एकदा दुपारी कॉलेजवरून आले तर पप्पा पलंगावर बसून ते उलटंसुलटं करत होते आणि मला म्हणाले, "हे चालू कुटनं व्हतंय गं? त्यो ग्रुमार कुटं ऱ्हातो?" मी तिथंच दप्तर टाकून शेजारी बसले. तुला लिहिलं असतं पप्पा खेळतायत, तर तू पत्र फाडून टाकलं असतंस. म्हणून अंकिता.

आणि गंमत ऐक. तुझं पत्र आलं तेव्हा गुंडाच्या अटीमुळं पप्पांना काय सांगायचं हा प्रश्न. मी त्यांनाही तेच नाव ठोकून दिलं. म्हटलं, माझी एक मैत्रीण आहे, अंकिता, तिला हा गेम येतो, तिनं हे लिहून दिलंय, आणि ती म्हणते दादाची फाइल वापरा. पप्पांनी चष्मा लावून वाचलं ते खरं. त्यानंतर म्हणाले, "अंकिता म्हनती तर मग हरकत न्हाय." मला वाटलं, फसले! अरे, कोण फसतंय! पत्रातच "माझी फाइल" आणि "अंकिताला सांग" लिहिलेलं, आणि वर बापाला पोराचं अक्षर कळत नाही होय? तेव्हापासनं रोज विचारत होते, "तुझी ती अंकिता बरी हाय न्हवं? जेवनाचं कसं करती?" आणि मी वेडी आपली उत्तरं देत होते, बरी आहे म्हणून. परवा आईनं त्यांचा शर्ट धुवायला घेतला तर खिशात तुझं पत्र. घड्या पडून पडून मऊ झालेलं. आईनं काढून ठेवलं, शर्ट धुतला, इस्त्री केली आणि पत्र परत त्याच खिशात घातलं.

आता कालचं.

काल वैशाख पौर्णिमा. सकाळी पप्पा पांढरा सदरा घालून विहारात गेले, पंचशील घेऊन आले. आईनं खीर केली. मी वाटी तशीच बाजूला ठेवली, कारण गेल्या वर्षी ह्याच दिवशी हीच खीर चुलीवर होती आणि तू गेलास. पप्पा तसेच पांढऱ्या सदऱ्यात येऊन बसले आणि म्हणाले, "लाव." मी म्हटलं, आज? पौर्णिमेला चालतं का? म्हणाले, "अष्टशील घेतलं असतं तर खेळ बंद व्हता. पंचशीलात खेळाचं काय न्हाय."

ग्रुमारपुढं गेलो. कडक पुढं. मी सांगितलं, पप्पा, मारा. पप्पांनी कडकला आडोसा धरायला लावला. ग्रुमारनं फटका दिला, कडकची पाठ थोडी तडकली. मी म्हटलं, आता मारा! पप्पांनी शेंगीला पुढं केलं, तिनं कडकला औषध लावलं.

"पप्पा, मारा की!"

"न्हाय."

"अहो का?"

"आज पौर्णिमा हाय."

"अहो पप्पा, दगड आहे तो! खेळातला दगड!"

तेव्हा पप्पांनी स्क्रीनवरची नजर न काढता सांगितलं, "गेल्या साली ह्याच पौर्णिमेला सकाळी म्हनलो, प्रानीहत्या करनार न्हाय, कुनाला दुखवनार न्हाय. आन् संध्याकाळी भर जिन्यात रत्न्याच्या गालावर हात उचलला. परीक्षेला गेला न्हाय म्हनून. पोरगं का गेलं न्हाय ते इचारलं पन न्हाय. आज मी दगडावर पन हात उचलनार न्हाय. हरलो तर हरलो."

मागं आई उभी होती, पळी हातात तशीच.

आणि मग दादा, काय झालं ते ऐक! ग्रुमार मारतोय, कडक आडोसा धरतोय, शेंगी औषध लावतेय, चादर वरनं पांघरूण घालतेय. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मी कंटाळून उठणार, तेवढ्यात मला दिसलं, की त्याच्या छातीतला निखारा भडकतच नाहीये! आपण मारतच नव्हतो, तर तो साठवणार काय? आणि प्रत्येक फटक्याला त्याच्या दमाची पट्टी कमी होत होती. तो दम आपण कधी बघितलाच नव्हता, तेवढा वेळ आपण कधी उभेच राहिलो नाही! ती म्हातारी बरोबर सांगत होती रे, तो दमला की बसतो!

मी किंचाळले, "पप्पा, मारू नका! अजिबात मारू नका!" पप्पा म्हणाले, "मारतोय कुटं मी?"

आणि ऐन वेळेला लाईट गेली! पंखा बंद, मे महिन्याची दुपार, पप्पांच्या कपाळावरचा घाम चष्म्यावर. यंत्राची बॅटरी लाल. आई पळी टाकून सूप घेऊन आली आणि वारा घालायला लागली, पप्पांना नाही, यंत्राला! "गरम झालं तर बंद पडंल न्हवं!" चादर पडली. पिंपळ्या पडला. कडकची पाठ जाळीसारखी झाली. उरली शेंगी. ग्रुमारनं हात वर उचलला. एवढा मोठा हात, आणि खाली आपली शेंगेएवढी शेंगी. पप्पांनी नुसता आडोसा धरला. मी आईचा दंड एवढा घट्ट धरला होता की तिथं वळ उठलाय.

हात वरच राहिला. दादा, तो हात तसाच वर राहिला आणि मग सावकाश खाली आला. ग्रुमार बसला. लहान लहान होत गेला, शेंगीएवढा झाला आणि तिच्या शेजारी बसून राहिला.

मी काय ओरडले असेन! समोरच्या मथुराबाई दार उघडून विचारायला आल्या, रत्नदीप आला का म्हणून. आईनं सांगितलं, "अजून न्हाय, पन त्याची अट पुरी झालीय." आणि पप्पा रडत होते रे. आवाज न करता, चष्मा न काढता.

पण अजून एक राहिलंय. स्क्रीनवर आलंय की तो आता तुमच्याबरोबर येऊ बघतो, त्याला नाव द्या. नाव दिल्याशिवाय खेळ पुढं सरकत नाही आणि जिंकलेलं जमाही होत नाही. मी म्हटलं, पप्पा, पटकन काहीतरी द्या, बॅटरी जाईल! पप्पांनी अंगठा बाजूला घेतला. म्हणाले, "फौज त्याची हाय. नाव त्यानं ठेवायचं." मी समजावलं, आई बोलली, ऐकत नाहीत. मग मला म्हणाले, "तुझ्या अंकिताला कळव. लवकर ये म्हनावं."

लाईट आली तसं यंत्र चार्जरला लावलं, ते तसंच आहे. गुंडानं येऊन बघितलं, म्हणाला बॅटरी म्हातारी झालीय, वायर निघाली तर घटकाभरसुद्धा टिकायची नाही, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. लाईट गेली तर म्हणून त्याची पॉवर बँक देऊन गेलाय. आईनं बटणावर कागद चिकटवलाय, "कुणी हात लावू नये." पप्पांनी आज ड्यूटीवरून दोनदा फोन करून विचारलं, "चालू हाय न्हवं?"

तेव्हा हिशेब साफ आहे. तू पप्पांना म्हणाला होतास, आणि पाडला पप्पांनीच. मी नुसती ओरडत होते, त्याला गल्ली साक्षीला आहे. मी तुला ये म्हणत नाही. तूच म्हणाला होतास.

पत्र पाकिटात घालत होते, तर पप्पा म्हणाले खाली थोडी जागा सोड, अंकिताला मलाही दोन ओळी लिहायच्यात. काय लिहिणार ते दाखवत नाहीत. सोडलीय जागा.

वायरीवर डोळा ठेवून बसलेली,
तुझी कीर्ती


चि. रत्नदीप यास,
जय भीम. त्या दिवशी मी हात उचलला. माझं चुकलं. खेळ पोरखेळ नाही, लई अवघड आहे. तुझी शेंगी गुणाची पोरगी आहे. परीक्षेचं मी विचारणार नाही, तुला सांगावंसं वाटलं तर ऐकून घेईन. माझी ड्यूटी सकाळची आहे, चारनंतर घरीच असतो. चष्मा आता डोळ्यावरच ठेवतो. यंत्र चालू ठेवलंय.

तुझी मैत्रीण,
अंकिता